नावाड्याच्या कोपऱ्यातली खूण

भिंगरावांना हे नाव गिऱ्हाइकांनी दिलं होतं आणि ते त्यांनी मनापासून पत्करलं होतं. गळ्यात काळ्या दोरीने अडकवलेलं छोटं भिंग ते जेवतानाही काढत नसत. कोणी कार्ड पुढे केलं की आधी भिंग डोळ्याला, मग त्याखाली कार्ड, आणि सगळ्यात शेवटी कार्ड आणणाऱ्याच्या तोंडाकडे एक नजर. ती शेवटची नजरच जास्त बोचायची. भाजीवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांना ती ठाऊक होती, आणि त्यांच्या बायकोला तर लग्न ठरलं त्या दिवसापासून.

दुकान कार्डांच्या खेळाचं. एकेका कार्डावर एकेक चित्र, म्हणजे कुठे योद्धा, कुठे वादळ, कुठे तीन डोळ्यांचा बैल. ज्याने त्याने आपली गड्डी जमवायची आणि समोरच्याच्या गड्डीशी लढवायची. पोरांचा खेळ म्हणून हसायचं कारण नाही. तिथे येणारे बहुतेक टक्कल पडू लागलेले, कचेरीतून परस्पर येणारे आणि घरी मीटिंग होती म्हणून सांगणारे होते. पुढे काचेचा गल्ला, मागे खेळायला चार टेबलं आणि कोपऱ्यात चहाची किटली. एवढ्याशा जागेवर भिंगरावांचा जीव होता.

या धंद्यात नकली कार्डांचा सुळसुळाट फार. त्यावर भिंगरावांनी एक नियम करून ठेवला होता आणि तो पाटीवर लिहून भिंतीला लावला होता: दुकानात आलेलं नकली कार्ड परत मिळणार नाही, गल्ल्यावर सर्वांसमोर फाडलं जाईल. अस्सल कार्डाच्या पोटात, दोन कागदांच्या मधोमध, एक काळा थर असतो. नकलीच्या पोटात नुसतं पांढरं. विमा कचेरीतला एक नेहमीचा कारकून एकदा मोठ्या प्रेमाने बैलाचं कार्ड घेऊन आला. भिंगरावांनी भिंग लावलं, तोंडाकडे पाहिलं आणि टर्रकन दोन तुकडे केले. "बघा, पोटात पांढरं." बिचारा कारकून मान खाली घालून गेला, आणि त्या दिवशी भिंगरावांनी चहात साखर जास्त घातली. न्याय केला की त्यांना गोड लागायचं.

फाडताना ते कधी चुकले नव्हते, हेही सांगायला हवं.

दुकानात दुसरा भागीदार होता तो त्यांचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हा आधी लिफ्ट बसवायच्या कामावर देशोदेशी हिंडायचा. अशाच एका परदेशी मुक्कामात तो सुट्टीच्या दिवशी खाडी ओलांडायला फेरीबोटीत बसला. खेळ काढणाऱ्या कंपनीचा त्या दिवशी वाढदिवस होता, म्हणून जाहिरातीसाठी त्या बोटीतल्या प्रवाशांना तिकिटाबरोबर एकेक कार्ड फुकट वाटलं गेलं. एकच बोट, एकच फेरी. बहुतेकांनी पलीकडच्या धक्क्यावर उतरताना ते कचऱ्यात टाकलं. साडूने टाकलं नाही, कारण त्याला काहीच टाकवत नसे. लिफ्टच्या माहितीपुस्तकात खूण म्हणून ते ठेवलं आणि घरी आल्यावर भिंगरावांच्या हातात दिलं. "दादा, तुम्हाला चित्रांची हौस, म्हणून आणलंय. बघा आवडतंय का."

कार्डावर हातात कंदील धरलेला नावाडी होता, त्यावर चमकीचा थर, आणि खाली इथे कोणालाच वाचता न येणाऱ्या लिपीत दोन ओळी. भिंगराव भिंग लावून बघत राहिले आणि मग जवळच्या स्टुलावर बसायला गेले ते स्टूल नव्हतं तिथेच बसले. जगभरचे शौकीन ज्याच्यासाठी जीव टाकतात ते कार्ड या लिफ्टवाल्याने वाचनखूण म्हणून वापरलं होतं. नावाड्याच्या जोरावरच दुकान उभं राहिलं. ते कार्ड बघायला लोक येत आणि बघून झालं की दुसरं काहीतरी घेऊन जात. साडूने लिफ्टचं काम सोडलं, पाटीवर दोघांची नावं लागली, आणि नावाडी काचेच्या कपाटात मखमलीवर जाऊन बसला.

दोघांची आणखी एक गंमत होती. या खेळात डाव मांडण्याआधी आपली गड्डी पिसून समोरच्यापुढे ठेवायची असते; हातचलाखीची शंका नको म्हणून तो ती कापतो, म्हणजे अर्धी कार्डं उचलून खाली घालतो. साडूने पहिल्याच दिवशी भिंगरावांच्या गड्डीवर नुसती टिचकी मारली आणि सांगितलं, "साडू-साडूंत कापाकापी कशाला? खेळा." तेव्हापासून दर बुधवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दोघं एक डाव खेळत आणि एकमेकांच्या गड्डीवर फक्त टिचकी मारत. जगात भिंगराव ज्याची गड्डी कापत नसत असा तो एकटाच माणूस.

एवढं सगळं गोडीगुलाबीचं चाललेलं असताना माणसाच्या डोक्यात किडा शिरतो कसा? भिंगरावांच्या डोक्यात तो एका बाईंच्या पत्राने शिरला. या बाई परदेशी जाहिरातकार्डांचं मोठं प्रदर्शन भरवणार होत्या. नावाडी बघायला येते, पसंत पडला तर प्रदर्शनात मधोमध ठेवीन, खाली दोघांची नावं घालीन, असं त्यांनी कळवलं होतं. भिंगरावांनी पत्र वाचून दाखवलं. साडू खूश झाला. मग कपाटाजवळ जाऊन म्हणाला, "दादा, याला जरा बाक आलाय का? समोरून ऊन येतं. चमकीची कार्डं उन्हाने वाकतात."

"बाक असता तर मला दिसला नसता?" भिंगराव म्हणाले.

"मी म्हणतो, बाई येईपर्यंत घरी अंधारात, दाबाखाली ठेवू."

"नावाडी काचेतच राहील. दुकानाची शान आहे ती. कपाटाला कुलूप आहे, किल्ल्या दोघांकडे आहेत, झालं." विषय तिथेच संपला, म्हणजे भिंगरावांनी संपवला. नावाड्याबद्दल दुसऱ्या कोणाला आपल्याआधी काही दिसावं, हेच त्यांना सहन झालं नव्हतं.

मात्र त्यानंतर साडूचं वागणं बदललं. फोन आला की तो दुकानाबाहेर जाऊन बोलू लागला. आत आला की कपाटाकडे बघायचा आणि भिंगराव बघताहेत असं दिसलं की किटलीकडे वळायचा. शेवटी एका दुपारी भिंगराव पुठ्ठ्याचे खोके आणायला गेले असताना त्यांना साडू छापखान्यातून बाहेर पडताना दिसला. हा छापखाना लग्नपत्रिका छापायचा, पण चमकीच्या कागदावर हुबेहूब नक्कल काढून देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. साडूच्या काखेत चपटं पाकीट होतं. भिंगराव रसवंतीच्या आडोशाला उभे राहिले. त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहज म्हणून खडा टाकून पाहिला. "काल दुपारी कुठे होता, साडूबुवा?"

"दाताच्या डॉक्टरकडे," साडू म्हणाला. "दाढ फार ठणकत होती."

आणि संध्याकाळी त्याच दाढेने तो कडाकड शेंगदाणे खात बसला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असं होतं. पण भिंगरावांना ते सवयीचं खोटं वाटलं, कारण त्यांना आता सगळंच तसं वाटायला लागलं होतं.

घरी त्यांनी बायकोपुढे मन मोकळं केलं. ती धुतलेले कपडे घडी करत होती. "तो नक्कल काढून घेतोय," भिंगराव म्हणाले. "बाई येऊन जातील, गर्दी होईल, त्या गडबडीत खरा नावाडी याच्या पाकिटात आणि नक्कल काचेत."

"धाकटीचा नवरा? ज्याने ते कार्ड तुम्हाला आणून दिलं तो?"

"दिलं तेव्हा त्याला ते काय आहे हे माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

बायकोने चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "मग विचारा की सरळ."

"विचारलं की माणूस सावध होतो."

"सावध नाही होत, उत्तर देतो," ती म्हणाली. "तुम्हाला उत्तर नकोय. तुम्हाला चोर हवाय." तिने चादर ओढून घेतली आणि घडी एकटीनेच केली. भिंगरावांना वाटलं, शेवटी बहिणीचाच नवरा, ही त्याचीच बाजू घेणार.

रात्रभर विचार करून त्यांनी उपाय काढला. असला उपाय कार्डवाल्यालाच सुचावा. खऱ्या नावाड्यावर आपल्यापुरती एक खूण करून ठेवायची. पुढे अदलाबदल झाली तर खुणेवरून खरा कोणता हे छातीठोक सांगता येईल. आता ज्या कार्डावर केसाएवढा ओरखडा चालत नाही त्याच्यावर खूण करायची म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. कळत असून ते सकाळी लवकर दुकानात गेले, कपाट उघडलं, प्लॅस्टिकच्या पाकिटातून नावाडी अर्धा बाहेर काढला आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात टाचणी टोचली. जेमतेम दिसेल एवढी. इतक्यात बाहेर शटरशी साडूची सायकल वाजली. त्यांनी घाईने कार्ड आत सारलं, होतं तसं मखमलीवर ठेवलं आणि कुलूप लावलं.

त्या घाईत एक गोष्ट राहून गेली. आयुष्यभर लोकांच्या कार्डांना भिंग लावणाऱ्या या माणसाने स्वतःच्या नावाड्याला त्या सकाळी भिंग लावलं नाही. उलटून मागची बाजूही पाहिली नाही. ते आपलंच होतं, त्यात काय बघायचं?

तो बुधवार होता. दुपारी डाव मांडला. साडूने गड्डी पिसून पुढे ठेवली. भिंगरावांची बोटं शिवशिवली, पण त्यांनी गड्डीवर टिचकी मारली आणि हसून म्हणाले, "चला." आपण किती मोठ्या मनाचे, असंही त्यांना वाटून गेलं. आपल्या कोपऱ्यात टाचणी आहे म्हटल्यावर मन मोठं करायला काय जातं? साडूने नेहमीसारखी त्यांच्या गड्डीवर टिचकी मारली. तो डाव भिंगराव जिंकले.

बाई आल्या त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. विमा कचेरीतला कारकून आला होता, छापखान्याच्या गल्लीतला न्हावी आला होता, दोघी बहिणी आल्या होत्या. बाईंनी गल्ल्यावर स्वच्छ कापड पसरलं, हातात पांढरे मोजे चढवले. भिंगराव किल्ली काढून कपाटाकडे वळले.

"थांबा दादा," साडू म्हणाला. त्याने पिशवीतून लाकडाच्या दोन फळ्या काढल्या. फळ्यांना स्क्रू लावलेले होते, लिफ्टवाल्याचं काम ते. त्याने स्क्रू सैल केले, वरची फळी उचलली, आणि मऊ कागदातून नावाडी काढून कापडावर ठेवला. सरळ, सपाट, कंदील लखलखता. "काचेतलं नको. बाई, हे बघा."

भिंगरावांच्या डोक्यात रक्त चढलं. अदलाबदल रात्री नाही, गर्दीत नाही, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करायचा बेत होता तर! आपल्या नावाने, आपल्या दुकानात, परक्या बाईंच्या हाती नक्कल ठेवून हा माणूस खरा नावाडी काचेतून हळूच उचलणार. त्यांनी बाईंच्या आधी कार्ड उचललं.

"हे सपाट आहे," ते म्हणाले. "आपल्या कार्डाला बाक आहे."

साडू गोंधळला. "तुम्हीच तर म्हणालात, बाक नाही म्हणून. मी तो काढला. दादा, मी सांगणारच होतो, पण तुम्ही..."

"छापखान्यात कशाला गेला होता?"

साडूचं तोंड उतरलं. "तुम्ही पाहिलंत?"

त्याचं तोंड उतरलं हेच भिंगरावांना पुरेसं झालं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, पण आख्ख्या कार्डावर नाही, फक्त डाव्या खालच्या कोपऱ्यावर. तिथे खूण नव्हती. कोपरा स्वच्छ, कोरा. त्यांना खरं सांगायचं तर आनंद झाला. इतके दिवस आपण वेडे ठरत होतो, बायकोच्या नजरेत, स्वतःच्याही. आता पुरावा हातात होता.

"नकली आहे," भिंगराव म्हणाले.

"अहो, काहीतरीच काय," बायको मागून म्हणाली. "त्याचं ऐकून तरी घ्या."

बाईंनी हात पुढे केला. "मला एकदा बघू द्या ना."

"बाई, या दुकानात नकली कार्ड कोणाच्या हातात जात नाही. नियम आहे." त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं, कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि साडूच्या तोंडाकडे बघत बघत फाडलं.

साडू ओरडला नाही. त्याने फक्त हात पुढे केला होता आणि तो तसाच हवेत राहिला.

"बघा," भिंगराव सवयीने म्हणाले, "पोटात..."

तुकड्याच्या कडेवर, दोन कागदांच्या मधोमध, काळी रेघ होती. नीट, सलग, काजळाच्या बोटाने ओढावी तशी. भिंगरावांनी भिंग लावलं. पुसून परत लावलं. काळी ती काळीच. या वेळी स्टूल जागेवर असूनही त्यांना बसता येईना.

साडूने खिशातून आपली किल्ली काढली, कपाट उघडलं, काचेतलं कार्ड पाकिटातून बाहेर घेतलं आणि कापडावर उलटं ठेवलं. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलेलं होतं: नक्कल, विक्रीसाठी नाही.

"उन्हात खरं ठेवणं मला बघवेना," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही ऐकून घेत नव्हता. म्हणून नक्कल काढून घेतली आणि त्याच संध्याकाळी बदलली. कोणाची फसगत नको म्हणून मागे छापूनही घेतलं. वाटलं, सरळ झालेलं बघाल तेव्हा तुम्हीच खूश व्हाल." त्याने नक्कल हातात घेऊन सुलटी केली, आणि त्याचा अंगठा कोपऱ्यावर थांबला. वर्षानुवर्षं भिंगरावांशेजारी बसून त्याचीही नजर तयार झाली होती. त्याने कार्ड उजेडाकडे धरलं. टाचणीच्या भोकातून उजेडाचा ठिपका आला.

"हे तुम्ही केलंत?"

भिंगरावांनी हातातले तुकडे कापडावर ठेवले.

"केव्हा?"

"बुधवारी," भिंगराव म्हणाले. "सकाळी."

साडूने मान हलवली. तो काय आठवत होता हे त्या गर्दीत फक्त दोघांना कळलं. त्याच दुपारी ते खेळले होते.

बाईंनी मोजे काढले, तुकड्यांवर आपलंच कापड अलगद दुमडलं आणि ते तिथेच ठेवून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "फार सुंदर होतं हो." गर्दी पांगली. कारकून सगळ्यात शेवटी गेला, दारातून एकदा पाटीकडे बघून. धाकटीने ताईकडे पाहिलं नाही आणि ताईने नवऱ्याकडे.

भांडण होईल, दोघांच्या नावांची पाटी उतरेल, असं भिंगरावांना वाटलं होतं. झालं असतं तर बरं झालं असतं. साडू दुसऱ्या दिवशी वेळेवर आला, शटर वर केलं, किटली लावली. भिंगरावांनी रात्रभर जुळवलेलं सगळं विसरून एकच शब्द कसाबसा काढला. "चुकलो."

"असू द्या, दादा," साडू म्हणाला, आणि चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. आवाजात राग नव्हता. भिंगरावांनी तो फार शोधला. राग सापडला असता तर त्याच्याशी बोलता आलं असतं.

भिंग त्यांनी गळ्यातून काढून खणात ठेवलं. नियमाची पाटीही काढली. भिंतीवर चौकोनी डाग तेवढा राहिला.

बुधवार आला. दुपारी दुकान रिकामं झालं तशी भिंगरावांना धाकधूक वाटायला लागली, पण साडू आपण होऊन मागच्या टेबलाशी जाऊन बसला आणि त्याने आपली गड्डी काढली. भिंगरावांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. साडूने पिसून पुढे ठेवलेल्या गड्डीवर त्यांनी टिचकी मारली, जरा जोरातच. मग स्वतःची गड्डी पिसली, नीट चापून सारखी केली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

साडू क्षणभर गड्डीकडे बघत राहिला. मग त्याने ती हातात घेतली, अर्ध्यावर कापली, खालची कार्डं वर ठेवली आणि परत त्यांच्यापुढे सरकवली.

"खेळा, दादा," तो म्हणाला.